ताप, डास आणि अफवा

पावसाची उघडझाप सुरू झाली आणि दवाखान्याच्या पायरीवर चपलांची गर्दी वाढली, की आमच्या कोरेगावात भाद्रपद जवळ आल्याचे मला कॅलेंडर न पाहताच कळते. दर दुसरा रुग्ण तापाचा, आणि बरोबरच्या माणसाच्या हातात मोबाईल. त्यावर कुणा पाहुण्याने पाठविलेला मजकूर. "डॉक्टर, हे खरं हाय का?" या प्रश्नाचे उत्तर देण्यात हल्ली माझा नाडी पाहण्यापेक्षा अधिक वेळ जातो. तेव्हा आज औषधांपेक्षा या प्रश्नाविषयीच लिहावे असे ठरविले आहे.

सुरुवात थोडी मागून करतो. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि राज्यभर लोक कोंबडी खायला बिचकू लागले. ती भीती पुरती ओसरते न ओसरते तोच चिकुनगुन्याची साथ आली. नावात 'चिकन' ऐकू आले आणि लोकांनी दोन्हींची सांगड घालून टाकली. त्या दिवसांत एक वयस्कर गृहस्थ दोन मुलांच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडे आले. गुडघे, घोटे, मनगटे सगळे धरलेले. बाकावर बसल्याबसल्या गळ्यातली माळ पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, मी माळकरी हाय. कोंबडीचा वास बी घेत न्हाय. मला हे चिकनगुन्या झालंच कसं?"

मला हसू आले, पण त्यांच्या दृष्टीने तो हसण्याचा विषय नव्हता. गावात त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली होती. गुडघ्यांपेक्षा तीच त्यांना जास्त लागत होती.

खरे म्हणजे या नावाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही. १९५२-५३ साली आज टांझानिया म्हणतात त्या देशात ही साथ प्रथम नोंदली गेली. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सांधेदुखीने वाकून जाणे असा आहे. आपल्या महाराष्ट्रालाही हा आजार नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची मोठी साथ येऊन गेली होती. पुढे तीसेक वर्षे तो दिसेनासा झाला आणि आम्ही डॉक्टर मंडळीही त्याला विसरलो. २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. तेवढ्या सगळ्यांना आजार दिला तो डासाने, पण दोष गेला कोंबडीला. आजाराचे नाव लोकांपर्यंत आधी पोहोचले आणि त्याचा अर्थ सांगायला कुणी गेले नाही, की असेच व्हायचे.

बेलसरचे एक आणि पंचवीस

आता अलीकडची गोष्ट. कोरेगावच्या स्टेशनावर पुण्याची गाडी धरली, की वाठार, लोणंद, नीरा करीत आपण जेजुरीला पोहोचतो. खंडोबाच्या दर्शनाला आपल्याकडचे कितीतरी लोक असेच जातात. त्या जेजुरीजवळ, पुरंदर तालुक्यात, बेलसर नावाचे गाव आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात त्या गावात तापाचे रुग्ण वाढले. पाच जणांचे रक्त पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, त्यात तिघांना चिकुनगुन्या निघाला. मग संस्थेचे पथक स्वतः गावात आले आणि त्यांनी ४१ जणांचे नमुने नेले. त्यांतले २५ चिकुनगुन्याचे, तीन डेंग्यूचे आणि एक झिकाचा निघाला. ३१ जुलैला आरोग्य खात्याने जाहीर केले, की पन्नास वर्षांच्या एका महिलेला झिका झाला होता, महाराष्ट्रातील हा पहिला रुग्ण, आणि त्या आता पूर्ण बऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवसापासून बेलसरचे नाव सर्वत्र झाले. केंद्राचे पथक आले. पुणे जिल्हा प्रशासनाने ७९ गावांची जोखमीची म्हणून यादी केली. पुरुषाच्या वीर्यात झिकाचा विषाणू काही काळ राहू शकतो, म्हणून गावातील जोडप्यांना काही महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात आला आणि निरोध वाटण्यात आले. वैद्यकीय दृष्ट्या हा सल्ला बरोबरच होता. पण कल्पना करा, चारचौघांत ज्या गोष्टीचे नाव घेत नाहीत ती गोष्ट आरोग्य कर्मचारी घरोघर देऊ लागले, आणि पाहुणे फोन करून विचारू लागले, "तुमच्या गावात पोरं व्हायला बंदी झाली म्हणे?" आमच्याकडेही असे बोलणाऱ्या चार जणांना मी उत्तरे दिली आहेत. बंदी नव्हती, सल्ला होता. कानोकानी जाताना सल्ल्याची बंदी व्हायला वेळ लागत नाही.

पण मला त्या आकड्यांत दुसरेच काही दिसले. एका झिकाची भीती साऱ्या जिल्ह्याने घेतली. त्याच गावात, त्याच तपासणीत निघालेल्या पंचवीस चिकुनगुन्याच्या रुग्णांविषयी मात्र मला माझ्या दवाखान्यात एकानेही विचारले नाही. वास्तविक डास एकच. जो डास झिका नेतो तोच चिकुनगुन्या नेतो आणि तोच डेंग्यूही नेतो. झिका होणाऱ्या पाच जणांपैकी चार जणांना काही लक्षणही जाणवत नाही. चिकुनगुन्याने माणूस महिनामहिना सांधे धरून बसतो, त्याची मजुरी बुडते. आणि डेंग्यूने माणूस दगावू शकतो. ओळखीच्या आजाराची आपल्याला भीती वाटेनाशी होते, अनोळखी आजाराची भलतीच वाटते. हा माणसाचा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. पण निदान तो आपल्यात आहे हे माहीत असावे.

तरीही बेलसरला जे झाले ते त्यातल्या त्यात बरे झाले असे मी म्हणेन. गुजरातेत अहमदाबादच्या बापूनगर भागात २०१६ च्या नोव्हेंबरपासून २०१७ च्या फेब्रुवारीपर्यंत झिकाचे तीन रुग्ण सापडले होते. त्यांत दोन स्त्रिया होत्या, एक गर्भवती आणि एक नुकती बाळंत झालेली. त्या बाळंतिणीचे बाळ सुखरूप होते. पण तिथल्या लोकांना या गोष्टीचा पत्ता लागला तो मे २०१७ च्या अखेरीस, तोही जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केल्यावर. लोक घाबरतील म्हणून सांगितले नाही, असे नेहमीचे कारण असते. माझा अनुभव उलट आहे. सांगितल्याने माणूस घाबरतो तो दोन दिवस. आपल्यापासून लपविले होते हे कळल्यावर तो घाबरतो ते कायमचा, आणि पुढे आरोग्य खात्याने खरे सांगितले तरी त्याला ते पटत नाही.

पाच ते पंधरा म्हणजे किती?

२०२४ च्या जून महिन्यात पुणे शहरात झिकाचे रुग्ण निघू लागले. पहिले रुग्ण एरंडवण्यातील एक डॉक्टर आणि त्यांची मुलगी. वर्ष संपेपर्यंत एकट्या पुण्यात शंभराहून अधिक रुग्ण झाले आणि त्यांत गर्भवती स्त्रियांचा भरणा मोठा होता. याचे एक कारण असे, की जुलैच्या सुरुवातीलाच केंद्राने राज्यांना सूचना देऊन गर्भवतींच्या तपासणीवर आणि बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवायला सांगितले होते. ज्यांची तपासणी जास्त, त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणार, हेही उघड आहे.

त्या श्रावणात वाठारच्या बाजूच्या एका गावातील आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी पुण्यात दिलेली, साडेचार महिन्यांची गर्भवती, माहेरी आठ दिवसांसाठी आलेली. तिला ताप नव्हता, पुरळ नव्हते, डोळे लाल नव्हते. तरी दोघींचे चेहरे उतरलेले. झाले होते असे, की मुलगी पुण्याहून आल्याचे कळताच शेजारच्या बायांनी तिला सार्वजनिक नळावर येऊ नकोस असे सांगितले. एकीने मोबाईलवर लहान डोक्याच्या परदेशी बाळांचे फोटो दाखविले. रात्रभर मायलेकी झोपल्या नाहीत. आईने मला हळू आवाजात सांगितले, "डॉक्टरसाहेब, एकदा तपासा आणि काय असंल ते मोकळं करून टाका. दुसरं होईल देवाच्या दयेनं."

चांगला हालचाल करणारा, साडेचार महिन्यांचा गर्भ. आणि तो पाडून टाकायचा, एका फोटोवरून!

मी दोघींना आतल्या खोलीत बसविले, बाहेरच्या रुग्णांना थांबायला सांगितले आणि हिशेब मांडला. आधी नळाचा प्रश्न. झिका पाण्यातून, स्पर्शातून, भांड्याला भांडे लागल्याने होत नाही. तो डासाच्या चाव्याने होतो, शरीरसंबंधातून होऊ शकतो आणि आईकडून गर्भाला जाऊ शकतो. शेजारणींनी नळावर उभे राहू दिले काय अन् न दिले काय, त्याने काहीच फरक पडत नाही.

मग बाळाचा प्रश्न. पुणे शहराची वस्ती लाखांत मोजायची, आणि निघालेले रुग्ण शंभराच्या आसपास. न तपासलेले आणखी कितीतरी असतील हे मान्य. तरी पुण्यात राहणारी प्रत्येक गर्भवती म्हणजे झिकाची रुग्ण नव्हे. आता समजा, तिला झिका झालाच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गर्भारपणात झिका झालेल्या शंभर मातांपैकी साधारण पाच ते पंधरा जणींच्या बाळांत त्याचे दुष्परिणाम आढळतात. म्हणजे पंचाऐंशी ते पंच्याण्णव बाळे त्यातून सुटतात. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर धोका अधिक. पाच ते पंधरा हा आकडा लहान नाही, आणि तो लहान आहे असे मी तिला सांगितलेही नाही. पण 'झिका झाला म्हणजे बाळ गेले' हेही खरे नाही.

त्या मुलीने मला जे विचारले ते मला आजही आठवते. ती म्हणाली, "डॉक्टर, शंभरातली मी कुठली हे कसं कळणार?" याला आकड्यांत उत्तर नाही. त्याला उत्तर आहे तपासणीत. रक्त आणि लघवीची तपासणी करता येते. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्याच्या दरम्यान जी सविस्तर सोनोग्राफी करतात, ती एरवीही करायचीच असते. तिला साताऱ्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तपासणीत काही निघाले नाही. पुढे मुलगी झाली, आणि पेढे द्यायला आजी स्वतः आल्या. शेजारणींना पेढे दिले का, असे मी विचारले. म्हणाल्या, "दिलं की. न देऊन सांगू कुणाला?"

ताप उतरला त्या दिवशी

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात अकरा वर्षांची एक मुलगी तापाने आली. डोळ्यांमागे दुखते, अंग मोडून आले आहे, जेवण जात नाही. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ सांगितले, रोज दाखवायला सांगितले. तिसऱ्या दिवसापर्यंत ताप चढउतार करीत होता. चौथ्या दिवशी सकाळी आई तिला घेऊन आली तेव्हा अंग गार, ताप पूर्ण उतरलेला. मुलगी थोडी मलूल होती. बाहेर चाळीस माणसे बसलेली. मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "ताप उतरला. आता काळजी नाही."

एवढे एकच वाक्य. आईने ते जसेच्या तसे घेतले. त्या दुपारी मुलीला दोनदा उलटी झाली, पोट दुखू लागले. आईला वाटले गोळ्यांनी पित्त झाले. संध्याकाळी ती नुसती पडून राहिली. आईला वाटले, चार दिवसांची दमली आहे, झोपू द्यावे. डॉक्टरच म्हणालेत, काळजी नाही. पहाटे तिचे हातपाय थंडगार पडले तेव्हा तिला मोटारसायकलवर मधे धरून माझ्या दारात आणले. नाडी सुतासारखी. सलाईन सुरू करून १०८ च्या गाडीतून तिला साताऱ्याला पाठविले आणि मी गाडीत शेजारी बसून गेलो. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली. आज ती कॉलेजात आहे.

तिच्या आईने मला पुढे कधी बोल लावला नाही. फक्त साताऱ्याला त्या बाकावर बसल्याबसल्या एकदा म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता, काळजी नाही." ती तक्रार करीत नव्हती, झालेले सांगत होती.

वाचकहो, हे नीट लक्षात घ्या. बहुतेक तापांत ताप उतरला की आजार सरला असे आपण मानतो आणि ते बरोबर असते. डेंग्यूत तसे नसते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, आणि जे काही विपरीत व्हायचे ते ताप उतरतानाच्या पुढच्या एक-दोन दिवसांत होते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला पाण्याचा अंश बाहेर पाझरतो. अंगातले रक्त घट्ट होते, रक्तदाब पडतो. दहातल्या बहुतेकांना यातले काही होत नाही. पण ज्याला व्हायचे असते तो आधी खुणा देतो. पोटात सतत दुखणे. उलट्या न थांबणे. हिरड्यांतून, नाकातून रक्त किंवा काळी शौचास होणे. हातपाय गार पडून घाम सुटणे. लघवी फार कमी होणे. मूल एकदम चिडचिडे होणे किंवा एकदम गप्प पडणे. यातली एक जरी खूण दिसली तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट पाहू नका.

त्या दिवसापासून मी केसपेपरवर लाल शाईने लिहून देतो, 'ताप उतरल्यावर दोन दिवस लक्ष ठेवा', आणि बरोबरच्या माणसाला विचारतो, "घरी जाऊन सासूबाईंना काय सांगणार?" त्याने बरोबर सांगितले तर मी सांगितले. नाहीतर मी नुसता बोललो.

दुसरा विषय पेशींचा. आपल्याकडे सगळे 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, पण विचारायचे असते ते प्लेटलेटविषयी. त्या निराळ्या. निरोगी माणसात त्या दीड ते साडेचार लाख असतात, डेंग्यूत त्या घसरतात आणि आजार उतरला की आपोआप चढतात. लोक मात्र शेअरबाजारासारखा रोजचा भाव विचारतात. ऐंशी हजार म्हटले की घरात रडारड. वास्तविक रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढविण्याचा सहसा उपयोग नसतो. उलट एक लाख पेशी असलेला रुग्ण वर सांगितलेल्या पाझरण्याने अत्यवस्थ होऊ शकतो. त्या मुलीच्या पेशी त्या सकाळी नव्वद हजार होत्या. मीही त्या आकड्यावर विसंबलो, हेही लिहून ठेवतो.

पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध, किवीची फळे यांविषयी रोज विचारणा होते. किवीचा भाव ऐकून तर मला ताप येतो. पपईच्या पानाने पेशी थोड्या लवकर वाढतात असे सांगणारे काही अभ्यास आहेत, पण त्याने रुग्ण वाचतो असा पुरावा नाही. शिवाय तो कडू रस पाजून मुलाला उलट्या सुरू झाल्या, की उलटी रसाची की आजाराची हे मला कळेनासे होते. त्यापेक्षा ताक, पेज, लिंबूपाणी, शहाळे, मीठ-साखरेचे पाणी द्या. आणि एक कळकळीची विनंती, ताप उतरवायची सुई मागू नका. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरीन या औषधांनी डेंग्यूत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सलाईनचाही हट्ट धरू नका. ते लागते तेव्हा जीव वाचविते. गरज नसताना भराभर चढविले तर छातीत पाणी होऊ शकते.

ज्याला ताप आहे त्याला पहिले चार-पाच दिवस दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, हे मात्र कुणी करीत नाही. त्या दिवसांत त्याच्या रक्तात विषाणू असतात. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला आजार देतो. एकाच घरात पंधरा दिवसांच्या अंतराने तीन रुग्ण होतात ते असे.

पाणी कुठे साचते

जुन्या माणसांना आठवत असेल, हिवतापाचे कर्मचारी घरोघर डी.डी.टी. मारून भिंतीवर तारीख टाकून जात. डासाची तीच आठवण आपल्या मनात आहे. गटार, घाण पाणी, रात्री कानाशी गुणगुण. डेंग्यूचा डास, एडिस, याला गटाराची आवड नाही. त्याला तुमच्या घरातले स्वच्छ पाणी लागते. पायावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्याआधी. दोरीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली बसतो. म्हणूनच गावात डेंग्यू निघाला की 'आधी धूर मारा' म्हणून जी मागणी होते ती अर्धीच उपयोगाची. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. त्यातून गाडी आली की आपण वासाला कंटाळून दारे-खिडक्या लावून घेतो, आणि डास तर आत खाटेखाली!

पाऊस कमी झाला म्हणजे डेंग्यू कमी, हाही समज चुकीचा आहे. आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडे, वाठार, देऊर, पिंपोड्याच्या बाजूला पाण्याची ओढ नेहमीची. जिथे नळ रोज येत नाही तिथे माणूस पिंप भरून ठेवणार, हौद भरून ठेवणार. त्याला मी 'साठवू नका' असे कोणत्या तोंडाने सांगू? झाका एवढेच सांगतो. फडके ताणून बांधा. आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून काथ्याने घासा. नुसते पालथे करून भागत नाही, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या तयार. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा 'कोरडा दिवस' पाळा म्हणतात तो याच हिशेबाने.

मोठा हौद रिकामा करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. आरोग्य कर्मचारी अबेटचे औषध टाकून जातात तेव्हा त्यांच्या पाठीमागे ते पाणी ओतून देऊ नका. ठरविलेल्या प्रमाणात ते पाणी वापरायला चालते. याशिवाय जनावरांची डोण, पंक्चरवाल्याचे टायर, नारळाच्या करवंट्या, आणि एक जागा जी कुणाच्या ध्यानात येत नाही, कडब्याच्या गंजीवर टाकलेला प्लास्टिकचा कागद. त्याच्या घड्यांत पाऊस साचून राहतो आणि गंज घराला लागूनच असते.

हे सगळे मी गेल्या वर्षी जुलै महिन्यात एका शाळेत तासभर सांगून आलो. दुपारी सर्वेक्षणाला आलेल्या आशाताई दवाखान्यात शिरल्या. हौद पाहिला, टाकीचे झाकण पाहिले, कुंड्या पाहिल्या, सगळे ठीक. मग लसी ठेवायच्या माझ्या फ्रिजच्या मागे वाकल्या, खालची पाण्याची ताटली ओढली आणि टॉर्च धरून मला बोलावले. बोटभर पाण्यात दहा-बारा अळ्या वळवळत होत्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, एवढं एक वहीत नका लिहू." त्या म्हणाल्या, "असं कसं डॉक्टरसाहेब, तुमचं न्हाय लिवलं तर दुसऱ्याचं कसं लिवू?" आणि त्यांनी लिहिले, दूषित भांडी, एक. संध्याकाळपर्यंत निम्म्या पेठेत ही बातमी झाली होती. आता दर शनिवारी दुपारी कंपाउंडर ती ताटली काढून घासतो आणि पायरीवर उन्हात पालथी घालतो. येणारेजाणारे ती पाहतात आणि माझ्याकडे बघून हसतात.